अनंत माने आणि तमाशापट

अनंत माने यांनी पन्नासहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. आपल्याकडील समीक्षेला ही विपुलताच अडचणीची वाटत आली. जो इतके काढतो तो खोल कसा जाईल, असा आपला ग्रह. फ्रान्समध्ये क्लोद शाब्रोल यांनीही पन्नासावर चित्रपट काढले, तेथे त्यांना कोणी त्यासाठी हीन लेखले नाही.

माने (१९१५-१९९५) ‘प्रभात’च्या संकलन विभागात घडले, हे त्यांची लावणी पाहताना जाणवते. ढोलकीची थाप, नर्तकीचे पाऊल आणि समोरच्याची नजर यांची सांधणी अशी की कथा थबकत नाही. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचे संगीत, हंसा वाडकर व जयश्री गडकर यांचा अभिनय. यशाचे वाटेकरी अनेक. परंतु पाटलाच्या अन्यायाची कहाणी तमाशाच्या फडावरून, भर गावासमोर स्त्रीने सांगावी, ही मांडणी धीट होती.

यवतमाळ जिल्ह्यातील एका जत्रेत, तंबूत आम्ही तो प्रथम पाहिला आणि शिट्ट्यांनी संकोचून गेलो. ती सांगू लागताच तंबू गप्प झाला होता, याकडे मात्र तेव्हा आमचे लक्ष गेले नाही.

पुढे तमाशापटाची चाकोरी झाली. फड राहिला, सांगणे विरळ झाले. याचा दोष केवळ अनुकरण करणाऱ्यांचा नव्हे, थोडा मान्यांचाही. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवरील ‘मानिनी’त (१९६१) फडाबाहेरची स्त्रीही त्यांनी तितक्याच आदराने रंगविली होती. त्या चित्रपटाची आठवण आज कितीजण काढतात?