दहा मिलिमीटर

पियानोची पट्टी दाबली की साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. ‘वेटेड कीज घेऊ की हलक्या?’ हा वाद्यांच्या दुकानात हमखास निघणारा प्रश्न या एका सेंटिमीटरचा आहे. बोट वरून निघून तळाला टेकेपर्यंत त्याला काय जाणवतं, यावर वाजवणाऱ्याचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

यामाहाच्या पी-45 सारख्या डिजिटल पियानोवर अगदी डावीकडची पट्टी सावकाश दाबून पाहा. सुरुवातीला ती जड लागते. मग आत काहीतरी उचललं जातं, आणि ते एकदा उचललं गेलं की पट्टी आपल्या ओघानं खाली जाते. आता उजव्या टोकाची पट्टी दाबा. चाल तीच, पण भार कमी. खऱ्या पियानोत खर्जाचे हातोडे मोठे आणि तारसप्तकाचे लहान असतात, त्याची ही नक्कल. इथेही प्रत्येक पट्टीला छोटा हातोडा जोडलेला असतो, पण तो कुठल्याच तारेवर आपटत नाही, कारण आत तार नाहीच. तो आहे तो बोटाला भार देण्यासाठी. कानाला कधीच ऐकू न येणारा हा हातोडा मला त्या वाद्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हलक्या पट्टीत हातोड्याच्या जागी स्प्रिंग असते, आणि फरक इथेच पडतो. स्प्रिंग खोलीला विरोध करते, म्हणजे पट्टी जितकी खाली जाईल तितकी ती जास्त ढकलते. हातोडा विरोध करतो तो वेग वाढवण्याला. वाद्यातले संवेदक मोजतात तोही वेगच. पट्टी एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचली, यावरून आघाताला 1 ते 127 मधला एक आकडा मिळतो आणि त्यावर आवाज ठरतो. त्यामुळे वजनदार पट्टीवर बोटाला जे जाणवतं तेच कानाला ऐकू येतं. स्प्रिंगवर या दोघांची फारकत होते.

बीथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग घ्या. उजव्या हाताची आतली बोटं तीन-तीन स्वरांचे झुपके अखंड, अगदी हळू वाजवत असतात, आणि त्याच हाताची करंगळी वरची सुरावट धरते. हात एक, पण आवाजाच्या पातळ्या दोन. सगळ्यात दुबळ्या बोटानं सगळ्यात ठळक बोलायचं! इथे हातोड्याचा भार करंगळीला टेकायला जागा देतो. हलक्या पट्टीवर हा भाग वाजतो, पण सुरावट झुपक्यांतून अलगद वर येत नाही. ती एकतर बुडते, नाहीतर टोचते.

म्हणून हलकी पट्टी कमी दर्जाची ठरत नाही. आपल्या पेटीचंच बघा. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा सुरांपर्यंत जाते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा सगळा भात्यावरच्या हातात. त्यामुळे उजवा हात मोकळा राहतो आणि गायकाच्या हरकतीमागे, मुरकीमागे क्षणात धावतो. असा तयार हात हातोड्याच्या पट्टीवर आला की मुरकी अडखळते, कारण हातोडा खाली यायला वेळ घेतो. हॅमंड ऑर्गनची गोष्टही अशीच. पट्टी थोडी दाबताच स्वर लागतो, आणि त्याच्या बी-3 या मॉडेलच्या पट्ट्यांची पुढची कड गोलसर असल्यानं वादक अख्खा तळवा त्यांवरून घसरवतात. वजनदार पट्ट्यांवर हे करून बघू नये, तळहात सोलून निघतो.

पेटीवरून कीबोर्डकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. सुरुवातीला तानेतले काही स्वर उगाच मोठे येतात, काही दबतात. दोष हाताचा नसतो. त्या हातानं आघात मोजायची सवय कधी केलेलीच नसते. बहुतेक कीबोर्डांवर ‘टच रिस्पॉन्स’ बंद करता येतो. तो बंद करा, तान पुन्हा सरळ होते.

दोन्हींच्या मधल्या ‘सेमी-वेटेड’ पट्ट्याही मिळतात. प्रवासाला आणि ऑर्केस्ट्राला त्या सोयीच्या, पण पियानो शिकणाऱ्याचं त्यांवर भागत नाही. ओझ्याचा विचारही आहेच. पी-45 चं वजन साडेअकरा किलो आहे, लोकलमधून रोज नेण्याजोगं ते वाद्य नव्हे.

माझा कौल असा : पियानो शिकायचा असेल तर पहिल्या दिवसापासून हातोड्याची पट्टीच घ्या, पट्ट्यांची संख्या कमी असली तरी चालेल. गाण्याची साथ, ऑर्गन, सिंथेसायझर हे आपलं क्षेत्र असेल तर चांगली हलकी पट्टी घ्या आणि तिच्याबद्दल मनात कमीपणा ठेवू नका. दुकानात गेलात की आधी आवाज पूर्ण बंद करा, एकच पट्टी जितकी सावकाश दाबता येईल तितकी दाबा आणि तशीच सोडा. आवाज नंतर ऐका.