डबीवरची सूचना आणि बाळाचा कान

आमच्यापुढे कापूस लावलेल्या काड्यांची, म्हणजे इयरबडची, एक डबी आहे. दर्शनी बाजूला हसरे बाळ. मागे बारीक अक्षरांत, 'काडी कानाच्या आत घालू नये.' मग बाळाचे चित्र कशासाठी?

इतिहास पाहता चित्रच प्रामाणिक म्हणावे लागेल. १९२३ साली लिओ गेर्स्टेन्झांग यांनी अमेरिकेत ही तयार काडी काढली, ती तान्ह्या बाळांसाठीच. सूचना फार उशिरा आली, आणि ती 'का' ते सांगत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

कारण असे. कानातला मळ हा मुळी मळ नव्हेच. नावानेच घोटाळा केला आहे. बाह्य कर्णनलिकेच्या बाहेरच्या भागातील ग्रंथी तो तयार करतात. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो, धूळ धरतो. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. बाळ दूध ओढते तेव्हा जबडा हलतो, त्याचीही मदत होते. काडी नेमकी उलट दिशेने जाते. ती मळ आत ठासते. तान्ह्या बाळाची नलिका आखूड असते, म्हणजे पडदा जवळच. १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत अशा काड्यांनी कानाला इजा होऊन सुमारे २ लाख ६३ हजार मुले तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात आणली गेली. (आपल्याकडे जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काडीवर बंदी आहे. कागदाची काडी पर्यावरणाला बरी. पडद्याला दोन्ही सारख्याच!)

न्हाऊ घालताना कानात कोमट तेल सोडणाऱ्या आजीबाईंवर आपण हसतो. तेलही नकोच, ते गरम असले तर भाजते आणि पडद्याला भोक असले तर मध्यकर्णात उतरते. पण आजीबाईंना निदान कोणी छापील सूचना दिली नव्हती.

वर्गात कानाची आकृती काढताना बाह्य कर्णनलिका रिकाम्या पाइपासारखी दाखवली जाते. शिक्षकांनी तिच्यात बाहेरच्या दिशेने एक बाण काढावा. त्या बाणाने जे कळेल ते डबीवरच्या सूचनेने कळत नाही.

घरी करायचे ते थोडेच आहे. अंघोळीनंतर बाळाला कुशीवर वळवून पाणी निथळू द्यावे आणि कर्णपाळी व कानामागची घडी मऊ सुती फडक्याने टिपावी. पावसाळ्यात हे विसरू नये, कारण ओल्या कानात बुरशी वाढते. कान वाहू लागला, तर मात्र काडी, तेल, फडके सगळे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.