मॅपसंख्येचा भाव आणि ज्ञानाचा दावा

भाकीत-बाजारांच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो, त्याचे मूळ फ्रीड्रिख हायेक यांच्या १९४५ सालच्या निबंधात सापडते. समाजात असंख्य व्यक्तींजवळ विखुरलेले ज्ञान किमतीच्या द्वारा एकत्र येते, हा त्याचा आशय होय. १९८८ साली आयोवा विद्यापीठात अमेरिकन अध्यक्षांच्या निवडणुकीवर असा बाजार भरविण्यात आला, तेव्हा हा युक्तिवाद सयुक्तिक होता. मतदार कोट्यवधी होते आणि ज्ञान खरोखरच विखुरलेले होते. आता पॉलीमार्केटसारख्या बाजारांत ई-स्पोर्ट्सच्या सामन्यांवर, इतकेच नव्हे तर सामना किती मॅपपर्यंत लांबेल यावरही, करारांची खरेदी-विक्री चालते. तेथील भावालाही तोच मान द्यावयाचा काय?

‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळाचे उदाहरण घ्यावे. तीन मॅपांच्या सामन्यात जो संघ दोन जिंकेल तो विजयी. म्हणजे एकूण मॅप दोन होतील किंवा तीन. म्हणून कराराची सीमा अडीचवर आखलेली असते. ‘अडीचहून अधिक’ हा करार खरा ठरल्यास एक डॉलर मिळतो. भाव ५४ सेंट असला की तिसरा मॅप होण्याची संभाव्यता ५४ टक्के, असे त्याचे वाचन केले जाते.

या वाचनामागील गणित पाहण्यासारखे आहे. समबल संघांचे दोन्ही मॅप परस्परनिरपेक्ष व अगदी बरोबरीचे मानले, तर तिसऱ्या मॅपची संभाव्यता नेमकी ५० टक्के येते. परंतु प्रत्यक्षात सात मॅपांच्या संचातून संघ आळीपाळीने काही वगळतात, एकेक आपल्या सोयीचा निवडतात, आणि उरलेला निर्णायक ठरतो. आपण निवडलेला मॅप जिंकण्याची शक्यता प्रत्येक संघास ६५ टक्के असेल, तर तीच संभाव्यता ५४.५ वर जाते. उलट, निवडीचा लाभ काहीच नसून त्या दिवशी ज्या संघाचा सूर लागेल त्याला दोन्ही मॅपांत ६५ टक्के संधी असेल, तर ती ४५.५ वर उतरते. तिन्ही प्रसंगी विजेत्याच्या कराराचा भाव मात्र ५० सेंटच! तेव्हा विजेत्याच्या भावावरून मॅपसंख्येचा भाव काढू पाहणारे व्यवहारी आकडेमोड करीत नसून संघांच्या घडणीविषयी एक अव्यक्त सिद्धांत गृहीत धरीत असतात.

आणि हा सिद्धांत तपासण्याचे साधन कोणाजवळ आहे? कोणता मॅप वगळावयाचा, कोणता राखून ठेवावयाचा, हे दहा खेळाडू व त्यांचे प्रशिक्षक यांनाच ठाऊक असते. हायेकप्रणीत विखुरलेपण येथे उरतच नाही.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. सामना जिंकणे हे खेळाडूंचे ध्येय असते. मॅपांची बेरीज हे कोणाचेच ध्येय नसते. २०१४ साली अमेरिकेतील आयबायपॉवर या संघाने ‘काउंटर-स्ट्राइक’चा एक सामना हेतुतः गमावला, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यातील खेळाडूंवर बंदी आली. तेथे निदान पराभवाची किंमत तरी मोजावी लागली होती. मॅपसंख्येच्या बाबतीत प्रबळ संघ एक मॅप सोडून देऊन सामना जिंकू शकतो. चषक हातचा जात नाही आणि संशयही सहसा येत नाही. क्रिकेटच्या अभ्यासकांना २०१० मधील लॉर्ड्सवरचे ठरवून टाकलेले नो-बॉल येथे आठवतील. त्या चेंडूंनी सामन्याचा निकाल ठरणार नव्हता, म्हणूनच ते विकणे सोपे होते. (दुर्बळ संघास ही सोय नाही, हे ओघानेच आले.)

या आक्षेपाला एक अपवाद मानावा लागेल. काही साखळी स्पर्धांत संघ बरोबरीत राहिल्यास जिंकलेल्या व गमावलेल्या मॅपांतील अंतर पाहून क्रम लावतात. तेथे एक मॅप सोडणे प्रबळ संघासही महाग पडू शकते, आणि त्या सामन्यांचे भाव बाद फेरीतील भावांच्या शेजारी मांडता येतात.