नटाची वेदना व नटाची कला

नटानें भूमिकेशीं तद्रूप व्हावें कीं तिच्यापासून अलिप्त राहावें, हा वाद फार जुना आहे. रसाचा आस्वाद घेतो तो प्रेक्षक; नट हें केवळ पात्र, आणि पात्राला आंतील पेयाची चव कळत नसते, असा अभिनवगुप्ताचा अभिप्राय आहे. रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की याच्या शिकवणुकीवरून अमेरिकेंत जो ‘मेथड’ संप्रदाय निघाला, त्यानें उलट पक्ष घेऊन नटाच्या स्वानुभवास अग्रस्थान दिलें. माँटगोमरी क्लिफ्ट (१९२०-१९६६) याची गणना याच संप्रदायाच्या नटांत होते.

क्लिफ्टची तयारी मोठी कसून असे. ‘ए प्लेस इन द सन’ (१९५१) या चित्रपटांतील मृत्युदंड झालेल्या तरुणाच्या भूमिकेसाठीं त्यानें सॅन क्वेंटिनच्या तुरुंगांत एक रात्र काढली. ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ (१९५३) साठीं तो बिगुल वाजवावयास शिकला. आणि तेंहि पडद्यावर सूर दुसऱ्याचे असणार हें ठाऊक असतांना!

१९५६ च्या मे महिन्यांत, ‘रेनट्री काउंटी’चें चित्रण चालू असतां, मोटारीच्या अपघातांत त्याच्या चेहऱ्यास भयंकर इजा झाली. पुढें मद्य व औषधें यांनीं प्रकृति ढासळली. म्हणूनच ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ (१९६१) मधील त्याच्या कामाविषयीं कित्येकांचें म्हणणें असें, कीं येथें अभिनय नाहींच. दिसतो तो एका माणसाचा स्वतःचा विनाश.

हें मत आम्हांस मान्य नाहीं. नाझी राजवटींत बळजबरीनें निर्बीज केलेला एक साधा मजूर न्यायालयांत साक्ष देतो, एवढीच ती भूमिका. अवघ्या कांहीं मिनिटांची, व तीहि त्यानें मोबदला न घेतां केलेली. ससा, शिकारी व रान या शब्दांचें वाक्य करा, ही बुद्धिपरीक्षेंतील जुनी कसोटी बचावपक्षाचा वकील त्याच्यापुढें पुन्हां ठेवतो. तो अडखळतो, वाक्य जुळत नाहीं. येथवर नटाची स्वतःची विकलता उपयोगीं पडली असेल. पण मग तो आपल्या आईचें छायाचित्र पुढें करतो आणि विचारतो, ही मंदबुद्धि होती काय? त्या क्षणीं आपली करुणा त्याच्यावरून त्याच्या आईकडे वळते. केवळ स्वतःच्या दुःखांत बुडालेल्यास हें साधत नाहीं. त्यास प्रमाणबुद्धि लागते. ‘रेनट्री काउंटी’ (१९५७) मध्यें दुःख आहे, पण हें प्रमाण नाहीं, व म्हणूनच तें काम मनांत ठसत नाहीं.

वेदनेनें क्लिफ्टला नट केलें असें म्हणणें हा त्याच्या श्रमांचा अपमान होय. वेदना पुष्कळांच्या वांट्यास येते. या पात्राला पेयाची चव कळली होती खरी. तथापि त्या साक्षीच्या प्रसंगांत त्यांतून एक थेंबहि बाहेर सांडला नाहीं.