ख्रिस्ती घरातले बारसे आणि आपले ललितवाङ्मय

मराठी कादंबरीत बारशांना तोटा नाही. पाळणा, घुगऱ्या, आत्याने कानात सांगितलेले नाव आणि मग तिच्याच पाठीत बसलेले धपाटे, हे सारे इतक्या वेळा आलेले आहे की वाचक ते पान न वाचताच उलटतो. मुंजीचेही तेच. पण ख्रिस्ती घरात मूल जन्मते, त्याला नाव ठेवतात, चार माणसे त्याला घेऊन देवळात जातात आणि परत येऊन पंगतीला बसतात, हे मात्र आपल्या ललितवाङ्मयात जवळजवळ घडतच नाही. आपल्या पुस्तकांतला ख्रिस्ती माणूस जन्माला येत नाही, तो ‘होतो’. आधी तो दुसराच कोणी असतो. तो मोठा असतो, वाद घालतो, रडतो, घर सोडतो आणि मग त्याच्या डोक्यावर पाणी पडते.

वाङ्मयातल्या उणिवेला वाङ्मयाबाहेरही फळे येतात. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा ‘धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा?’ असा सूर काही ठिकाणांहून निघाला. हा माणूस १९४२ साली वसईत जन्मलेला, अनेक वर्षे ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक चालवलेला, बायबल सुबोध मराठीत आणलेला. २०२४ साली ते वारले. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. शंका होती ती ते आपल्या घरातले आहेत की नाहीत याची. आणि घराविषयीची शंका विद्वत्तेने फिटत नाही. ती फिटते घर पाहिल्याने. मराठी वाचकाने ते घर पाहिले नव्हते, कारण मराठी लेखकाने ते दाखवले नव्हते.

असे का झाले ते उघड आहे. ख्रिस्ती जीवनाविषयीची आपली नाणावलेली पुस्तके बहुतेक धर्मांतर केलेल्यांची आहेत आणि ती प्रॉटेस्टंट पंथाकडची आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तिच्यातली यमुना अखेरीस ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्या दिवसाने लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी दाणादाण उडाली ती ‘स्मृतिचित्रां’त आहे. १९३४ ते १९३६ या काळात निघालेले हे पुस्तक मराठी गद्याचे भूषण आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण त्या पुस्तकात बाप्तिस्मा ही ताटातूट आहे. नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मध्ये मूल. हे खरेच आहे आणि अप्रतिम लिहिलेले आहे. चूक लक्ष्मीबाईंची नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनी तेवढ्यावरच समाधान मानले, ही आहे.

आमच्या न्हावऱ्याहून चौफुल्याच्या वाटेने निघाले आणि पारगावपाशी भीमा ओलांडली की केडगाव फार दूर राहत नाही. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई आणि त्यांची मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला: २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडात वाँटेज येथे, अँग्लिकन पंथाच्या जोगिणींकडे राहत असता. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. तिच्या बाप्तिस्म्याला आजोळचे कोणी नव्हते, कारण आजोळ उरलेच नव्हते. दुष्काळात आजी-आजोबा गेले होते, मामा गेला होता, वडीलही वारले होते. मग रमाबाईंनी काय केले? त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ही इंग्रज बाई. तिला त्या पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणू लागल्या. धर्मातली आपली आई, म्हणून मुलीची आजी! पुढे मनोरमेला कोणती शिकवण द्यावी यावरून या आईचे आणि त्या आजीबाईचे चांगलेच खटके उडाले. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने काढला. तो वाचताना मला धर्मशास्त्राच्या वादापेक्षा त्या एका शब्दाने अधिक थांबवले. परक्या देशात, परक्या विधीत, लेकराला एक तरी नातेवाईक असावा म्हणून या बाईने मराठीतून एक आजी काढून दिली. कादंबरीकाराने हेवा करावा असा हा तपशील आहे, आणि तो पडून आहे.

परंतु रमाबाईंचे उदाहरणही तुटलेल्या घराचेच. न तुटलेले घर पाहायचे तर कॅथलिकांकडे जावे लागते. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतला, पोर्तुगीज गेले; गावागावांतली ख्रिस्ती कुटुंबे मात्र आपापल्या वाड्यांत, आपापल्या केळीच्या बागांत राहिली. तेथल्या आजच्या तान्ह्या मुलाने काही सोडलेले नाही. त्याच्या आईनेही नाही आणि पणजीनेही नाही. त्याचा स्नानसंस्कार म्हणजे त्याचे बारसेच. धर्मांतराच्या मापाने हे घर मोजू गेले तर माप लागूच पडत नाही.

एका परदेशी माणसाला हे फार पूर्वी कळले होते. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. ओव्या जवळजवळ अकरा हजार. हे पुराण का रचले याची कथा त्याने आरंभीच दिली आहे. सासष्टीच्या एका देवळात मुलांना धर्माचा पाठ चालू असता एका नवख्रिस्ती गृहस्थाने विनंती केली की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी दुसरे पुराण तरी द्या. मागणी लक्षात घ्या. त्या गृहस्थाने सिद्धान्त मागितला नाही. सिद्धान्त तर मुलांना शिकवलाच जात होता. त्याला हवे होते संध्याकाळी घरात वाचायला काहीतरी. स्टीफन्सने ते दिले. त्या पुराणाच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एक प्रतही आज हाती नाही, तरी ते हस्तलिखितांतून जगले. १९०७ साली मंगळुरास छापले गेले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली. आमचे समीक्षक स्टीफन्सच्या मराठीच्या स्तुतीचेच गोडवे गातात. मराठीची स्तुती केली की आम्ही खूश! त्या गृहस्थाची भूक कोणी विचारात घेत नाही.

ही भूक पुढच्या लेखनाने भागवली काय? माझ्या मते नाही. ख्रिस्ती नियतकालिकांतून आणि पुस्तकांतून संस्कारांवर विपुल लिहिले जाते, पण त्या लेखकांना समजावून सांगण्याची खोड आहे. पाणी आले की पाण्याचा अर्थ, तेल आले की तेलाचा अर्थ, मेणबत्ती पेटली की प्रकाशाचा अर्थ. बाहेरच्या वाचकाचा गैरसमज होऊ नये ही धास्ती त्यांना सुटत नाही. ती समजण्यासारखी आहे, परंतु तिच्यामुळे स्वयंपाकघराचे दार बंद राहते. दुसऱ्या बाजूने, बिगरख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती पात्र आणले की त्याच्या डोक्यावर टोपी, हातात पेला आणि तोंडात तोडके मराठी ठरलेले. वसईची तांबडे लुगडे नेसणारी कुपारी आजी आपल्या बोलीत जे बोलते ते ऐकायला हा लेखक कधी गेलेला नसतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र कॅथलिक मंडळींनी मराठीला काही दिले आहे. प्रॉटेस्टंट ‘बाप्तिस्मा’ म्हणतात. यांनी ‘स्नानसंस्कार’ केला. ‘दृढीकरण’ जरा सरकारी कचेरीतले वाटते, पण कम्युनियनला ‘ख्रिस्तप्रसाद’ म्हणणे ही थोर सूझ आहे. पंढरीच्या वाटेवर ज्याने हात पुढे करून प्रसाद घेतला आहे त्याला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही.

आता या संस्कारांत कथालेखकाला मिळण्यासारखे काय आहे? माझ्या मते पुष्कळ. जुन्या रिवाजाने मूल जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर त्याचा स्नानसंस्कार करावा लागे; मूल दगावले तर, ही भीती. त्यामुळे धर्मपिता आणि धर्ममाता मुलाला घेऊन देवळात जात, तेव्हा आई बहुधा घरी बाजेवर, शेक घेत पडलेली असे. लेकराचे नाव पुकारले गेले ते तिला कानांनी ऐकता येत नसे. १९६९ साली रोमने तान्ह्या मुलांसाठी नवा विधी केला. त्यात नाव आईबापांना विचारतात आणि मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण आईबापही करतात. म्हणजे एकाच घरात अशी आजी असू शकते की जी आपल्या एकाही मुलाच्या संस्काराला हजर नव्हती, आणि अशी सून की जी पहिल्या ओळीत उभी राहिली. या दोघींमध्ये त्या दिवशी काय बोलणे झाले असेल?

धर्मपित्याचेही असेच. तो बहुधा मामा, काका, नाहीतर बापाचा जिवाभावाचा सोबती. पण हे नाते केवळ कौतुकाचे नव्हते. १९८३ च्या धर्मविधानापर्यंत धर्मपिता किंवा धर्ममाता आणि ते मूल यांच्यात विवाह निषिद्ध होता, आपल्याकडे सगोत्र विवाह असावा तसा. पाण्याने जुळलेले हे नाते रक्ताच्या नात्याइतके पक्के धरले जाई. एवढे एक कलम फडके-खांडेकरांच्या हाती लागते तर दोन कादंबऱ्या सहज झाल्या असत्या!

नगरकडचे चित्र निराळे आहे. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जेझुइट धर्मगुरूंनी काम केले आणि तेथले कॅथलिक बहुतांशी दलित समाजातले. येथे वसईसारखी वाडवडिलांची बाग नाही. तीन-चार पिढ्यांची आठवण आणि हातावरचे पोट. भजनाला पेटी-तबला, जेवायला पुरणपोळी. येथे मुलाच्या नावालाही वजन येते. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे एकाच मुलाचे देवळाच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या वहीत दुसरे, असे आढळले तर ते नवल नव्हे. हाक मारताना आई कोणते नाव घेते, एवढ्या एका प्रश्नावर कथा उभी राहील.

ती देवळाची वही मला फार मोलाची वाटते. तिच्यात मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता-धर्ममातेची नावे, तारीख आणि धर्मगुरूची सही असते. आणि कडेला मोकळी जागा सोडलेली असते. पुढे दृढीकरण झाले की त्याच ओळीच्या कडेला त्याची नोंद. लग्न झाले की तेथेच नोंद, मग ते मुंबईस झालेले असो की आणखी कोठे. तिकडून तसे पत्र गावच्या देवळाकडे यावे लागते. आम्हां शाळामास्तरांच्या जनरल रजिस्टरात मुलाने शाळा सोडली, दाखला नेला, की त्याची ओळ संपली. त्या वहीत ओळ चालू राहते. माणूस कोठेही गेला तरी त्याच्या आयुष्याच्या बातम्या त्याच्या बारशाच्या पानावर परत येतात. कितीएक नोंदींची कडेची जागा कोरीच राहिलेली असणार. ती मुले कोठे गेली?

आणि पहिला ख्रिस्तप्रसाद. पूर्वी तो दहा-बारा वर्षांच्या, कित्येकदा त्याहूनही मोठ्या मुलांना देत. दहाव्या पायस पोपने १९१० साली ते वय सातच्या आसपास आणले. म्हणजे दुसरी-तिसरीतले मूल. त्याआधी त्याला पापनिवेदन करावे लागते. सात वर्षांच्या पोराने आपल्या पापांची यादी करायची! भावाचा पेरू, मोडलेली पाटी, आजीला दिलेले उलट उत्तर. आणि काहीच आठवले नाही तर एखादे उसने घेतलेले पाप. मुलांत वावरणाऱ्याला येथे हसू येईल आणि पोटात कालवेलही.

मुंजीत मातृभोजन असते. मुलगा आईच्या ताटात शेवटचे जेवतो आणि मग तिच्यापासून निघतो. या दृश्याने मराठीत कितीतरी डोळे ओले केले आहेत. ख्रिस्तप्रसादात क्रम उलटा आहे. तोवर मूल आईबरोबर देवळात जात होते, पण आई प्रसादाला उठली की ते बाकावर मागे राहत होते. या दिवसापासून ते तिच्याबरोबर उठते. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, आणि आईच्या पंगतीला पहिल्यांदा बसण्याचा मान. दोन धर्मांच्या दोन आया, दोन ताटे. एक आपल्या वाङ्मयात आहे, दुसरे नाही.

या दिवसाची न्याहारी मोठी असते. वसईकडे आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत सणासमारंभाला आंबवलेल्या पिठाचे फुगे तळतात. सकाळीच एवढा थाट का, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. प्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून उपाशी राहायचे, हा नियम होता. १९५३ पर्यंत तर घोटभर पाणीही चालत नसे. १९५७ साली तो तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आला. पण ज्यांच्या लहानपणी जुना नियम होता अशी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारावे. त्या रात्री सात वर्षांचे पोर जागे झाले असेल, घसा कोरडा पडला असेल, आणि आईने निजण्यापूर्वी माठावर पालथे घातलेले फुलपात्रे काढून फडताळात ठेवले असेल. मूल अंधारात माठापर्यंत येते, हाताने चाचपते, फुलपात्रे नाही. माठाला हात लावून ते तसेच उभे राहते, आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, कारण तीही जागीच आहे.