नकळत टिपलेले चेहरे

आगगाडींत समोर बसलेल्या माणसाकडे टक लावून पाहूं नये, हें आपणां सर्वांना लहानपणीं शिकविलेलें असतें. आणि तरीहि रोज ठराविक गाडीनें नोकरीच्या गांवीं जाणारा मनुष्य दुसरें करतो तरी काय? खिडकीबाहेरचा देखावा त्याला पाठ झालेला असतो, वर्तमानपत्र पहिल्या दोन स्टेशनांत संपतें, आणि मग त्याची दृष्टि समोरच्या चेहऱ्यावर जाऊन बसते. ही चोरटी दृष्टि कॅमेऱ्याच्या भिंगाला येऊन मिळाली तेव्हां छायाचित्रणाची एक निराळीच शाखा उत्पन्न झाली. प्रवासांतल्या अनोळखी माणसांचीं, त्यांच्या नकळत घेतलेलीं चित्रें आज उदंड निघतात, कारण प्रत्येकाच्या खिशांतला टेलिफोन हाच कॅमेरा होऊन बसला आहे. त्यांपैकीं बहुतेक पाहतांक्षणींच विसरण्याच्या लायकीचीं असतात यांत नवल नाहीं. परंतु थोडीं चित्रें अशीं आहेत कीं त्यांचा कला म्हणून विचार करणें प्राप्त आहे, आणि तो विचार आम्हां खानदेशांतील लोकांना जरा निराळ्या बाजूनें करावा लागतो असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यापूर्वीं मूळ उदाहरणें पाहूं.

या प्रकाराचा सर्वांत नांवाजलेला नमुना म्हणजे वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १९३८ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत घेतलेलीं चित्रें. त्याची पद्धति मोठी कल्पक, आणि खरें सांगावयाचें तर थोडी भुरट्या चोराची होती. कॉन्टॅक्स जातीच्या लहान कॅमेऱ्याचा चकचकीत भाग काळा रंगवून तो छातीवर लटकवावयाचा, ओव्हरकोटाच्या दोन गुंड्यांमधून भिंग तेवढें डोकावूं द्यावयाचें, आणि कळ दाबण्याची तार अस्तनींतून हातापर्यंत आणावयाची! ओव्हरकोट हवा म्हणून हिवाळा हवा. डोळा कॅमेऱ्याला लावतां येत नाहीं म्हणून चौकटींत काय सांपडेल तें नशिबावर. अशा रीतीनें त्यानें सहाशेंहून अधिक चित्रें घेतलीं, आणि त्यांतून निवडलेल्या ८९ चित्रांचें ‘मेनी आर कॉल्ड’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें तें एकदम १९६६ सालीं. जेम्स एजी या लेखकानें त्याची प्रस्तावना १९४० मध्येंच लिहून ठेविली होती. चित्रांतल्या माणसांना ओळखलें जाण्याची भीति काळानें बोथट करावी, हा त्या दीर्घ विलंबाचा एक हेतु होता. चोरी केली खरी, पण चोरीचा माल पाव शतक घरांत ठेवण्याइतकी लाज त्या चोराच्या ठायीं होती.

हीं चित्रें पाहतांना प्रथम निराशाच होते. सुंदर असें कांहीं नाहीं. एक बाक, त्याच्या पाठीमागें डब्याची भिंत, आणि बाकावर टोपी घातलेला एखादा गृहस्थ किंवा हातमोजे घालून बसलेली बाई. पान उलटलें कीं पुन्हां तेंच बाक. परंतु वीस-पंचवीस पानें झालीं म्हणजे लक्षांत येऊं लागतें कीं या एकसुरीपणांतच एव्हान्सचें सामर्थ्य आहे. त्याची स्वतःची समजूत अशी कीं भुयारी गाडींत मनुष्य बेसावध असतो, तेथें त्याचा मुखवटा गळून पडतो आणि खरा चेहरा उघडा होतो. पुढें या कलेच्या प्रत्येक उपासकानें हेंच तत्त्व गुरुमंत्रासारखें घोकलें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. गाडींतला चेहरा हा मुखवटा काढलेला चेहरा नव्हे. तो परक्या लोकांत बसतांना घालावयाचा खास मुखवटाच आहे: डोळे अर्धवट मिटलेले किंवा शून्यांत लागलेले, ओठ बंद, आणि सर्व मुद्रेवर ‘माझ्याशीं बोलूं नका’ अशी पाटी. हाच मनुष्य घरीं मुलाला रागें भरतांना किंवा मित्राच्या पानाच्या दुकानावर हंसतांना अधिक उघडा असतो. एव्हान्सनें परकेपणाचा हा मुखवटा शेंकडों तऱ्हांनीं टिपून ठेवला. त्याच्या सिद्धांताहून त्याचीं चित्रें अधिक शहाणीं आहेत. कलावंतांच्या बाबतींत असें पुष्कळदां घडतें.

त्याच न्यूयॉर्कच्या गाड्यांत १९८० च्या सुमारास ब्रूस डेव्हिडसन या छायाचित्रकारानें रंगीत चित्रें घेतलीं. तो पूर्वींच्या चित्रांचा आल्बम बरोबर बाळगी, तो उतारूंना दाखवी आणि पुष्कळदां परवानगी मागे. चित्र पाठवून देण्याचें वचनहि देई. त्याच्या चित्रांतील माणसें आपल्याकडे पाहतात, कधीं गुर्मीनें, कधीं कौतुकानें. परवानगी मागितल्यानें चित्राचा जीव जातो, असें मानणाऱ्यांनीं तीं अवश्य पाहावींत. याच्या उलट टोक म्हणजे मायकेल वोल्फ याचें २०१० मधील ‘टोकियो कॉम्प्रेशन’. तेथील गाड्यांत सकाळच्या गर्दीनें कांचेवर चेंगरलेले चेहरे त्यानें फलाटावर उभें राहून टिपले. कांच दमट, गाल चेपलेला, आणि ज्याला कॅमेरा दिसला त्यालाहि तोंड फिरविण्यास जागा नाहीं. फार तर त्यानें डोळे मिटून घ्यावे. चित्रें विलक्षण परिणामकारक आहेत हें कबूल करावें लागतें. पण एव्हान्सच्या उतारूला दिसलें असतें तर तो उठून तरी जाऊं शकला असता. येथें तेवढीहि मोकळीक नाहीं, आणि परिणामाचा मोठा भाग त्या असहायतेंतूनच आलेला आहे. ही किंमत आम्हांस भारी वाटते.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचें आहे. अनुश्री फडणवीस यांनीं मुंबईच्या लोकल गाड्यांतील बायकांच्या डब्यांत मोबाइल फोनवर चित्रें घेतलीं आणि ‘ट्रेन डायरीज’ या नांवानें तीं इन्स्टाग्रामवर एकामागून एक प्रसिद्ध केलीं. पुढें त्या रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकार झाल्या. या मालिकेचा पहिला गुण असा कीं चित्र घेणारी व्यक्ति त्या डब्यांतलीच आहे. एव्हान्स गाडींत शिरे तो चित्रांसाठीं. येथें गाडीनें जाणें-येणें हा आयुष्याचाच भाग, आणि चित्र त्या ओघांत आलेलें. म्हणूनच डब्याच्या दाराशीं वाऱ्यावर उभी असलेली मुलगी, टिकल्या-पिना विकणारी बाई, शेजारणीच्या खांद्यावर डोकें टेकून झोंपलेली नोकरदार स्त्री, यांच्याकडे पाहणारी दृष्टि वरून येत नाहीं. ती त्याच बाकावरून येते. मुंबईच्या लोकलवर गेल्या कित्येक वर्षांत लिहिलें पुष्कळ गेलें आहे, पण बायकांच्या डब्यांत आंतून पाहणारी अशी सलग चित्रमालिका ही मोठी मिळकत होय.

येथेंच आमची एक शंका आहे, आणि ती या मालिकेपुरतीच नाहीं. बायकांच्या डब्यांत स्त्री निर्धास्त झोंपते ती कां? तेथें पुरुषाची नजर नाहीं म्हणून. दिवसांतून तास-दीड तास तिला पदराची, बसण्याच्या रीतीची, चेहऱ्यावरील थकव्याची काळजी करावी लागत नाहीं. हा निर्धास्तपणा त्या डब्यांतील बायकांनीं एकमेकींना दिलेला असतो. त्याच निर्धास्तपणांतून घेतलेलें चित्र जेव्हां जगभर जातें, तेव्हां ज्या नजरेला डब्याबाहेर ठेविलें होतें तीच नजर खिडकींतून आंत येते. चित्र घेणारी स्त्री आहे आणि तिचा हेतु निर्मळ आहे, एवढ्यानें हा प्रश्न मिटत नाहीं. दुसरें असें कीं झोंपलेली श्रमजीवी स्त्री हा या शाखेंतील इतका मळलेला विषय झाला आहे कीं आतां तिच्या दमलेल्या मानेकडे पाहून आपण हळहळतों तें थोडें सवयीनें. जागी असलेली, भांडणारी, हिशेब करणारी स्त्री टिपणें अधिक कठीण. म्हणून तीं चित्रें कमी असतात, आणि जीं आहेत तींच लक्षांत राहतात.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. भुसावळहून जळगांवास, अमळनेर-धरणगांवाकडून जळगांवास, चाळीसगांवाहून धुळ्यास रोज ‘अपडाऊन’ करणाऱ्यांची संख्या कांहीं थोडी नाहीं: शिक्षक, बँकेंतले कारकून, रेल्वेचे कामगार, कॉलेजचीं मुलें, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया. चाळीसगांव-धुळें हा फांटा सुमारें ५६ किलोमीटरांचा; जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशीं लहान स्टेशनें घेत गाडी धुळ्यास येते, आणि तेथें रूळच संपतात. अशा गाडींत अनोळखी मनुष्य म्हणून कोणी असतो काय? नांव ठाऊक नसेल. पण शिरूडला चढणारा आणि नेहमीं दाराजवळच बसणारा तो गृहस्थ कोणत्या गांवचा, कोणत्या कचेरींतला, आणि गेल्या महिन्यांत तो आठ दिवस कां दिसला नाहीं, हें डब्यांतल्या चौघांना तरी माहीत असतें. रुमालावर पत्त्यांचा डाव मांडणारे पासधारक तर एकमेकांच्या मुलींच्या लग्नाला जाऊन आलेले असतात. येथें एव्हान्ससारखा कोटाआडून कॅमेरा रोखणारा तरुण दुसऱ्या स्टेशनापर्यंतहि लपणार नाहीं. एखादी म्हातारी त्याला सरळ विचारील, “कोना पोऱ्या शे रे तू?” आणि अहिराणींतला हा प्रश्न टाळण्याजोगा नसतो, कारण तो चौकशीचा जितका, तितकाच नातें जोडण्याचा असतो.

तात्पर्य, ज्या परकेपणावर ही कला न्यूयॉर्कांत आणि टोकियोंत उभी राहिली, तो येथें पुरेसा पिकतच नाहीं. मुंबईच्या छायाचित्रकाराला ज्याचें चित्र घेतलें तो मनुष्य पुन्हां कधीं भेटण्याचा संभव थोडा. धुळ्याच्या गाडींत तो उद्यां सकाळीं समोर बसणारच. आमच्याकडील होतकरू तरुण मात्र परदेशी पुस्तकांतले धडे जसेच्या तसे गिरवितात. काळ्या-पांढऱ्या रंगांतली सुरकुतलेली म्हातारी, खिडकीच्या गजांतून आलेला उन्हाचा पट्टा, पाठमोरा फेटा! हीं चित्रें कोणत्याहि गाडींतलीं असूं शकतात. तापीच्या खोऱ्यांतल्या गाडींतलीं तीं वाटत नाहींत, कारण त्यांतल्या माणसाला चित्रकाराशीं कांहींच बोलावयाचें नसतें.

आणखीहि एक गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. या भागाशीं कॅमेऱ्याची जुनी ओळख आहे ती अजिंठ्यामुळें. मेजर रॉबर्ट गिल हा १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमलेला चित्रकार. पुढें त्यानें कॅमेरा हातीं घेतला, आणि लेण्यांचीं त्याचीं दुहेरी छायाचित्रें १८६४ मध्यें लंडनला पुस्तकरूपानें निघालीं. त्याच्या रंगीत नकलांपैकीं बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. तो स्वतः १८७९ सालीं वारला आणि त्याची कबर भुसावळास आहे. त्या काळच्या ओल्या कांचेच्या पद्धतींत नकळत चित्र घेणें अशक्यच होतें. समोरच्यानें स्तब्ध राहिलें पाहिजे, म्हणजे त्याची संमति पाहिजे, किंवा तो दगडाचा तरी पाहिजे. पुढें बाजारपेठेच्या गांवोगांवीं फोटो स्टुडिओ झाले तेव्हांहि हाच रिवाज टिकला. रंगविलेल्या पडद्यापुढें धुवट धोतर नेसून, मनगटावरचें घड्याळ दिसेल असा हात गुडघ्यावर ठेवून माणसें बसत. आजचा कलाप्रेमी त्या ताठरपणाला हंसतो. पण आपण जगापुढें कसें दिसावें हें ठरविण्याचा अधिकार त्या शेतकऱ्यानें रोख पैसे मोजून घेतलेला होता. ज्याचे आयुष्यांत दोन किंवा तीनच फोटो निघाले, त्याच्या नातवाचे आज दिवसाला दहा निघतात, आणि त्यांतला एखादा कोणा परक्यानें गाडींत झोंप लागली असतांना काढलेला असतो. कुटुंबाच्या भिंतीवर पहिल्या प्रकारचाच लागतो, हें विसरून चालणार नाहीं.

कायद्याचा आधार शोधणाऱ्यांस येथें फारसें हातीं लागत नाहीं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्यें फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया यानें नकळत घेतलेल्या एका चित्राविरुद्ध चित्रांतील वृद्धानें, आपल्या धर्मश्रद्धेला धक्का बसला म्हणून, फिर्याद केली. ती २००६ मध्यें फेटाळली गेली, कारण न्यायालयानें चित्र ही कला ठरविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे; पण त्यामुळें सार्वजनिक गाडींतल्या साध्या चेहऱ्याच्या चित्राला बंदी झाली, असें नाहीं. हा प्रश्न कोर्टापेक्षां डब्यांतच अधिक सुटण्यासारखा आहे.

मग खानदेशांतल्या तरुणानें चित्रें घेऊंच नयेत काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. चोरून घेतलेल्या चित्रांतहि थोर चित्रें आहेत हें वर आम्हीं मान्य केलेंच आहे, आणि प्रत्येक वेळीं आधीं विचारून घेतलें तर पत्त्यांच्या डावांतला तो हरण्याचा क्षण निसटणार हेंहि खरें. पण आधीं विचारतां आलें नाहीं तर मागाहून दाखवितां येतें, आणि येथें दाखविण्याची सोय न्यूयॉर्कहून कितीतरी अधिक आहे. डेव्हिडसनला जें टपालानें करावें लागे तें बोरविहीरच्या पुढें दुसऱ्या दिवशीं हातोहात होतें. चित्र पाहून कोणी म्हणेल, हें फाडून टाक. कोणी म्हणेल, माझ्या शेजारीं बसला आहे त्यालाहि घे, तो माझा व्याही आहे. हें दुसरें चित्र कदाचित् पहिल्याहून कमी ‘कलात्मक’ निघेल. तें पहिल्याच्या शेजारीं ठेवून पाहण्याची आम्हांस फार इच्छा आहे. अशा जोडचित्रांचा एखादा संग्रह जळगांवच्या किंवा धुळ्याच्या कोणा छायाचित्रकारानें काढला, तर त्याचें परीक्षण आम्ही आनंदानें लिहूं.