गुंतणं आणि अवधान

'समाजमाध्यमांतून विद्यार्थ्यांना अभ्यासात कसं गुंतवावं' हा विषय मला दिला आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून आधी शब्दालाच हात घालतो. कोळ्याच्या जाळ्यात माशीही गुंतते. ती शिकते, असं कोणी म्हणत नाही.

पण थट्टेनं विषय सुटत नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मी निवृत्त झालो होतो, तरी आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात काही तास घेत होतो. ते तास व्हॉट्सअ‍ॅप गटावर आले. मुलं अकोल्याच्या डोंगरातली, पारनेर-जामखेडची. व्हिडिओ उघडायला रेंज नसे, पण दोन मिनिटांचा आवाज पोचायचा. वर्गात कधी तोंड न उघडलेल्या एका मुलीनं एका रात्री लिहिलं, 'सर, गाढ झोपेत मी कोण असते?' सगळ्यांसमोर उभं राहून तिनं हे विचारलं नसतं. एवढं श्रेय माध्यमाला द्यायलाच हवं.

आता माझी चूक सांगतो. मांडूक्य उपनिषद ज्या प्रश्नाशी झुंजतं, तो प्रश्न तिनं विचारला होता, आणि मी काय केलं? अंगठा पाठवला. 'छान प्रश्न!' बाकीच्यांनीही अंगठे पाठवले. सकाळी शुभेच्छांच्या फुलांखाली तो प्रश्न गाडला गेला. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. गट मात्र अगदी 'सक्रिय' दिसत होता, बरं का!

प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस लेखनावरच आक्षेप घेतो : लिहिलेल्याला काहीही विचारा, ते तेच तेच सांगत राहतं. गंमत अशी, की हा आक्षेप आपल्याला कळला तो प्लेटोनं लिहिला म्हणून. तेव्हा माध्यम बदललं की ज्ञान बुडालं, हे म्हाताऱ्यांचं रडगाणं मी गाणार नाही.

लांब कशाला, आपलं नेवासं घ्या. 1290 मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं परंपरा सांगते. म्हणजे बोललेलं उतरवून घेणं आपल्याला नवं नाही. पण त्या ग्रंथातला वक्ता श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा काय मागतो? अवधान. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांनाही आपलं लक्षच हवं असतं; पण ते जाहिरातदाराला विकण्यासाठी. शिक्षकाला ते हवं असतं विद्यार्थ्याच्याच कामासाठी. हा फरक मोठा आहे. आणि गटावरच्या त्या दोन निळ्या खुणा? 'पाहिलं' एवढंच त्या सांगतात. 'कळलं' हे सांगणारी खूण अजून निघायची आहे.

म्हणून शिक्षक मित्रांना माझं म्हणणं एवढंच : गट जरूर ठेवा, पण प्रश्न गोळा करायला. उत्तर वर्गात द्या, वेळ घेऊन. रात्री आलेला प्रश्न सकाळी फळ्यावर लिहा, विचारणाऱ्याचं नाव न घेता. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्यालाही तो मिळेल; आणि जी लाजते, तिला कळेल की आपला प्रश्न कुणीतरी मनावर घेतला.

त्या मुलीचं उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे. अंगठ्यानं ते फिटत नाही.